ओष्ठ्य

प फ ब भ म.
रामबागेतल्या शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं,
ओठ मिटल्याशिवाय ही पाच उमटत नाहीत.
तिसऱ्या दिवशी आरसा मिळाला तेव्हा
माझे ओठ सुजून एकमेकांची ओळख विसरले होते,
वरचे दात खालच्यांना रबरांनी बांधलेले.
मी "बाबा" म्हटलं.
"आआ" ऐकू आलं.
ते तेवढ्यानंही उठले.

पलासियाचं इस्पितळ. पडद्यापलीकडे नचिकेत बुळे,
वय एकतीस, बँकेत, माझ्या आदल्या दिवशीचा.
त्याचा जबडा मागे होता, पुढे आणला.
माझा पुढे होता, मागे नेला.
"मधोमध भेटलात," डॉक्टर छाजेड म्हणाले.
आम्हा दोघांना हसता येत नव्हतं,
म्हणून नर्सच हसली.

त्याला भेटायला आलेले विचारायचे, ॲक्सिडेंट?
तो मान हलवायचा. हो.
मला भेटायला आलेल्या विचारायच्या, स्थळं बघून राहिले का गं?
मी पाटीवर लिहायचे: पुढच्या दातांनी पोळी तुटत नव्हती.
त्या वाचायच्या, पाटी परत द्यायच्या,
आणि म्हणायच्या, आता छान दिसशील हं.

त्यानं दाढी वाढू दिली. सूज, नीळ, पिवळेपणा, सगळं तिच्यात गेलं.
मला झाकायला काही उगवत नव्हतं.

एका रात्री पडद्याखालून त्याचा मोबाईल आला.
"तुम्ही रडता का? माझं नाक बंद होतं,
मग श्वास कुठून घ्यायचा कळत नाही."
मी खाली लिहिलं,
"बसून रडायचं. पाठीला दोन उशा."

मग घर. इंदूरमध्ये सहा आठवडे न चावता!
सकाळी सातला कोपऱ्यावरून पोह्यांची वाफ
जिना चढून वर येते, तिला कोण अडवणार.
आई मिक्सर लावायची, बाबा गाळायचे,
आधी चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून,
मग सिरिंजमध्ये भरून नळी माझ्या गालाच्या आत.
मूग, दुधी, पेज, पुन्हा मूग.
ते माझ्यासमोर खात नसत. भूक नाही म्हणायचे.
गच्चीवरून खाली आले
की बोटांना जीरावणाचा वास.
मी काही म्हटलं नाही.
म्हणताही आलं नसतं.

हनुवटी त्यांचीच होती. आठल्यांचा शिक्का, आत्या म्हणायची,
बारशाच्या फोटोतही उमटलेला.
संमतीच्या कागदावर सही करताना ते पेन उचलून थांबले होते.
"कापलेल्या हाडाचं काय करतात?"
"थोडंसंच असतं हो," डॉक्टर म्हणाले.
त्यांनी सही केली. तारीख चुकवली. पुन्हा घातली.

रबरं सुटली. तोंड दीड बोट उघडलं.
दातांत आइस्क्रीमच्या काड्या, एकीवर एक,
दर तीन दिवसांनी एक जास्त.
मी अकरावर होते तेव्हा नचिकेतचा मेसेज:
"चौदा झाल्या. दाढी काढली.
घरचे म्हणतात, होती तीच बरी."
मी हसले. एका बाजूनं.

खालचा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहेत.
टिचकी मारली तर दारावर मारल्यासारखी,
आतून कुणी ओ देत नाही.
वर्ष लागेल, म्हणाले. कदाचित.

आज पहिले पोहे. दुधात भिजवून लगदा केलेले,
शेव नाही, पण जीरावण आहे, चिमूटभर.
बाबा समोर बसून खातायत, ताटलीत, उघडपणे.
मधेच त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं.
इथे. लागलंय.
माझा हात गेला तो जुन्या जागी,
अर्धं बोट पुढे,
हवेला पुसून आला.
"अजून आत," ते म्हणाले,
आणि बोट मात्र
स्वतःच्याच हनुवटीवरून
हलवेनात.